महागड्या 'ग्रीन' वस्तू घेऊन पर्यावरण वाचतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोटीची इलेक्ट्रिक गाडी, लॅबमधला हिरा, व्हीगन लेदरची पर्स, 'सस्टेनेबल' व्हिला. या विषयावर तेच तेच प्रश्न येत असतात म्हणून उत्तरं एका जागी टाकून ठेवतोय. सगळी सारख्या लांबीची नाहीत, जिथे बोलण्यासारखं आहे तिथे लांबलंय.

एका वाक्यात सांगा, फायदा होतो की नाही?

कधीकधी होतो, आणि एका वाक्यात मावत नाही. मी दोनच गोष्टी बघतो. पहिली, नवीन वस्तू जुनीच्या जागी आली की जोडीला आली? डिझेलची एसयूव्ही गेली आणि ईव्ही आली तर काहीतरी वाचलं. पार्किंगमध्ये तीन गाड्या होत्या त्या चार झाल्या तर काहीच वाचलं नाही, वर चौथी बनवायला लागलेलं पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि लिथियम वाढलं. दुसरी, त्या खरेदीमुळे ती टेक्नॉलॉजी बाकीच्यांना परवडायला लागली का? दोन्हीचं उत्तर 'नाही' आलं तर ती नुसती महाग वस्तू आहे, बॉक्स हिरवा आहे इतकंच.

पण श्रीमंत लोक असतात किती? त्यांच्या चार वस्तूंनी काय फरक पडणार?

संख्येने थोडे, धुराने खूप. ऑक्सफॅम या गरिबी-विषमतेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या रिपोर्टप्रमाणे २०१९ साली जगातल्या सगळ्यात श्रीमंत १ टक्का लोकांच्या वाट्याला १६ टक्के कार्बन उत्सर्जन येतं, म्हणजे खालच्या ६६ टक्के लोकांचं मिळून जेवढं होतं तेवढं. त्याआधीच्या, २०२० च्या रिपोर्टमध्ये १९९० ते २०१५ या पंचवीस वर्षांचा हिशोब होता, त्यात वरच्या १० टक्क्यांनी अर्ध्याहून जास्त आणि खालच्या ५० टक्क्यांनी फक्त ७ टक्के. त्यामुळे 'श्रीमंतांनी काय फरक पडतो' हा प्रश्नच निकालात निघतो. प्रश्न असा आहे की त्यांनी वस्तू बदलल्याने फरक पडतो की वस्तू कमी केल्याने.

कोटीची ईव्ही पेट्रोलच्या गाडीपेक्षा बरी ना?

कुठल्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा, ते आधी सांगा. आपल्याकडे ग्रिडच्या एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, कारण बहुतांश वीज अजून कोळशाची आहे. आता ढोबळ हिशोब मांडू. मोठी लक्झरी ईव्ही, चार्जिंगमधली गळती धरून, १०० किलोमीटरला २४-२५ युनिट खाते, म्हणजे १७ किलोच्या आसपास. लिटरला १० देणारी मोठी पेट्रोल एसयूव्ही तेवढ्याच अंतराला २३ किलो सोडते, म्हणजे त्या मानाने ईव्ही बरी, मान्य. पण लिटरला २० देणारी साधी हॅचबॅक साडेअकरा किलोत काम भागवते! छोटी ईव्ही ९ किलोत. आणि इलेक्ट्रिक स्कूटर १०० किलोमीटरला ३ युनिट घेते, म्हणजे २ किलो. यात पेट्रोल काढण्या-गाळण्याचा खर्च आणि बॅटरी बनवण्याचा खर्च धरलेला नाही, धरला तर सगळेच आकडे वर सरकतात पण क्रम तोच राहतो.

अमेरिकेत हे जास्त ठळक दिसतं. इलेक्ट्रिक हमर नावाचं जे धूड आहे ते चार टनांच्या वर जातं, त्यात नुसती बॅटरीच तेराशे किलोच्या पुढे. तिकडच्या एसीईईई या ऊर्जाबचतीवर काम करणाऱ्या संस्थेने हिशोब केला तेव्हा अमेरिकन विजेवर ही हमर मैलाला ३४१ ग्रॅम निघाली आणि पेट्रोलवर चालणारी साधी शेव्हरोले मालिबू सेडान ३२० ग्रॅम. जुनी पेट्रोल हमर मात्र ८८९ ग्रॅम होती. म्हणजे जुनी हमर देऊन नवी घेणाऱ्याचं पुण्य खरं आहे, पण मालिबू देऊन हमर घेणाऱ्याने सीओटू वाढवला, आणि वर 'झीरो एमिशन' म्हणून मिरवायला मोकळा.

बॅटरीचंही बघा. चाकणला असेंबल होणाऱ्या मर्सिडीज ईक्यूएसमध्ये १०७.८ युनिटची बॅटरी असते. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये असते ३ युनिटच्या आसपास. एका ईक्यूएसच्या बॅटरीत ३५ स्कूटर बसतात, आणि ती गाडी बहुतेक वेळा एका माणसाला ट्रॅफिकमध्ये बसवून ठेवते.

आमच्याकडे घरी सोलर आहे, मग तर झीरोच ना?

दुपारी चार्ज केली तर बऱ्यापैकी. पण गाडी दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये असते आणि रात्री घरी प्लग लागतो, तेव्हा सूर्य नसतो, औष्णिक केंद्रं असतात. नेट मीटरिंगचं (दुपारी ग्रिडला दिलेली वीज रात्री घेतलेल्या विजेतून वजा करायची पद्धत) बिल शून्य येणं आणि धूर शून्य होणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तरी सोलर बसवलंत ते चांगलंच केलंत, त्याला नावं ठेवत नाहीये.

श्रीमंतांनी आधी घेतलं की मग गोष्ट स्वस्त होते ना? मोबाइलचं तसंच झालं.

हा या सगळ्या विषयातला सगळ्यात दमदार मुद्दा आहे आणि तो अर्धा खरा आहे. टेस्लाने २००८ साली रोडस्टर आणली, लाखभर डॉलरच्या वर किंमत, जेमतेम अडीच हजार गाड्या विकल्या. तिच्यामागून २०१२ ची मॉडेल एस आणि २०१७ ची त्यामानाने स्वस्त मॉडेल ३. इलेक्ट्रिक गाडी म्हणजे गोल्फच्या मैदानावरची बग्गी असं जे लोकांच्या डोक्यात बसलं होतं ते रोडस्टरने काढलं, ते श्रेय द्यायलाच पाहिजे.

पण किमती खाली कोणी आणल्या? लिथियम बॅटरीचा भाव २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरच्या वर होता तो २०२४ ला ११५ डॉलरवर आला. त्यात लॅपटॉप-मोबाइलच्या बॅटऱ्या आहेत, चीनमधल्या लाखो बस आणि छोट्या गाड्या आहेत, सरकारांनी ओतलेली सबसिडी आहे. रोडस्टरवाले अडीच हजार लोक हे गाडं एवढं पुढे ढकलू शकले नसते. सोलरचंही तेच, जर्मनीने २००० साली कायदा करून सोलरच्या विजेला पक्का भाव दिला, मग चीनने कारखाने टाकले आणि पॅनेलचे भाव कोसळले. कुठल्याही अब्जाधीशाच्या छतामुळे कोसळले नाहीत.

आपल्याच देशातलं उदाहरण घ्या, मला हे फार आवडतं. एलईडी बल्ब. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका बल्बला ३१० रुपये पडत होते. मग ईईएसएल या सरकारी कंपनीने करोडोंच्या ऑर्डरी एकत्र काढल्या, २०१५ पासून उजाला योजनेत वाटप सुरू झालं, आणि २०१६ पर्यंत भाव ३८ रुपयांवर आला. ३६ कोटींच्या वर बल्ब गेले. इथे 'आधी श्रीमंत, मग झिरपत खाली' असं काही झालंच नाही. चाळीतल्या, वाडीवस्तीवरच्या घरांसाठी एकदम घाऊक खरेदी केली आणि फायदा बंगलेवाल्यांनासुद्धा मिळाला.

म्हणून मी असं म्हणेन की लक्झरी ग्राहक एखाद्या टेक्नॉलॉजीची सुरुवात करून देऊ शकतो, तेही तिच्यात स्वस्त होण्याची ताकद असेल तरच. हिऱ्याच्या डायलचं घड्याळ 'रिसायकल्ड' सोन्यात आलं तर त्यातून खाली काय झिरपणार?

मग महागड्या ईव्हीला सरकारने सवलत द्यावी का?

माझं मत विचाराल तर नाही. ईव्हीवर ५ टक्के जीएसटी आहे, गाडी दहा लाखांची असो की दोन कोटींची. मार्च २०२५ च्या महाराष्ट्राच्या बजेटमध्ये ३० लाखांच्या वरच्या ईव्हीवर ६ टक्के कर सुचवला होता, त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचं सांगितलं. कर्नाटकने त्याच्या आदल्या वर्षी २५ लाखांच्या वरच्या ईव्हीवर कर लावला, तिथे काही आभाळ कोसळलं नाही. वर आपल्याकडे २०२५ च्या ईव्ही पॉलिसीत अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक चारचाकींना आणि बसना टोलमाफी. बसना दिली ते झकासच. पण गंमत बघा, सगळ्यात कमी वीज खाणारी जी इलेक्ट्रिक स्कूटर, तिला अटल सेतूवर आणि एक्सप्रेसवेवर चढायलाच बंदी आहे. ती बंदी सुरक्षेसाठी आहे आणि बरोबर आहे, पण टोलमाफीचा पैसा कोणाच्या खिशात राहतो ते कळलं ना? तोच पैसा पीएमपी किंवा बेस्टच्या इलेक्ट्रिक बसमध्ये घातला असता तर एका गाडीमागे चाळीस-पन्नास माणसांचा प्रवास बदलला असता.

लॅबग्रोन हिरा खाणीतल्या हिऱ्यापेक्षा ग्रीन असतो का?

विकणारा 'हो' म्हणतो, खाणवाला 'नाही' म्हणतो, आणि दोघांनाही काहीतरी विकायचंय हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

लॅबचा हिरा दोन पद्धतींनी बनतो. एकात प्रेसमध्ये प्रचंड दाब आणि तेराशे-चौदाशे डिग्रीच्या पुढचं तापमान देतात. दुसरी सीव्हीडी, म्हणजे बंद चेंबरमध्ये मिथेन आणि हायड्रोजन सोडून मायक्रोवेव्हने प्लाझ्मा करतात आणि हिऱ्याच्या पातळ चकतीवर कार्बनचा थरावर थर चढत जातो, हे आठवडेच्या आठवडे चालतं आणि मध्येच वीज गेली तर अख्खा लॉट बोंबलतो. म्हणजे चोवीस तास वीज पाहिजे. ती कोळशाची असली की हिऱ्याला 'ग्रीन' म्हणायला तोंड राहत नाही. काही कारखाने सोलर-वाऱ्याची वीज वापरतात, २०२३ च्या जूनमध्ये मोदींनी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा लॅबचा हिरा दिला तेव्हा तो सोलर-विंडवर बनवलाय असंच सांगितलं होतं. पण तुमच्या दुकानातला खडा कुठल्या विजेवर वाढलाय हे त्या सर्टिफिकेटवर सहसा नसतं, तिथे फक्त कट, कलर, क्लॅरिटी आणि कॅरेट. अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे तिथल्या व्यापार आणि ग्राहक हक्क बघणाऱ्या सरकारी आयोगाने, २०१९ मध्ये आठ हिरे विकणाऱ्यांना पत्रं पाठवली होती, त्यात सरसकट 'इको-फ्रेंडली' म्हणू नका असंही बजावलं होतं.

खाणीच्या बाजूला डोंगरच्या डोंगर उपसणं, डिझेल, पाणी हे सगळं आहेच. पण बोत्स्वानासारख्या देशाची शाळा-दवाखाने हिऱ्याच्या पैशावर चालतात हेही आहे, त्यामुळे 'खाण म्हणजे पाप' इतकं सरळ नाही.

आता माझा मुख्य मुद्दा, जागी की जोडीला. लॅबच्या हिऱ्याचे भाव असे पडले की डी बिअर्स या खाणीतल्या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने २०१८ ला कॅरेटला ८०० डॉलरने सुरू केलेला लाइटबॉक्स हा ब्रँड २०२५ मध्ये बंद करायचं जाहीर केलं. स्वस्त झाल्यावर लोक काय करतात? एक अंगठी घ्यायची तिथे अंगठी, टॉप्स आणि ब्रेसलेट घेतात, अर्ध्या कॅरेटच्या जागी दोन कॅरेट. १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलंय की इंजिन कमी कोळशात चालायला लागलं की कोळसा वाचत नाही, इंजिनं वाढतात.

व्हीगन लेदर?

बहुतेक वेळा प्लास्टिक. पीयू किंवा पीव्हीसी. अननसाच्या पानांचं, कॅक्टसचं वगैरे जे येतं त्यातही बऱ्याचदा वरचा थर प्लास्टिकचाच असतो. बुरशीपासून केलेलं मायलो नावाचं लेदर मोठमोठ्या डिझायनरांनी उचललं होतं, २०२३ मध्ये त्याचं उत्पादनच थांबलं.

जनावर मारलेलं चालत नाही म्हणून कोणी घेत असेल तर ते वेगळं कारण आहे आणि त्याचा मान ठेवतो. पर्यावरणाचं कारण सांगू नका फक्त. कोल्हापुरी चपलेकडे बघा, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, हाताची शिलाई, तळ झिजला तर चांभाराकडे नवा लावता येतो. तिला २०१९ ला जीआय (भौगोलिक ओळखीचा दर्जा) मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून. मग जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन लक्झरी ब्रँडने मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल आणली, कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, इकडे बोंबाबोंब झाली तेव्हा मान्य केलं. ती लाखाची झाली म्हणून जास्त ग्रीन झाली का, तर नाही. पण त्या पैशातला मोठा हिस्सा कारागिराच्या घरी गेला आणि त्याच्या पोराने धंदा सोडला नाही, तर एक टिकाऊ वस्तू बनवायची पद्धत जिवंत राहील. हिस्सा किती जातो, एवढंच विचारत राहायचं.

डिझायनर कापडी पिशवी तरी चांगली ना?

२००७ मध्ये लंडनच्या एका डिझायनरने 'मी प्लास्टिकची पिशवी नाही' असं छापलेली पाच पौंडांची पिशवी काढली, लोक पहाटेपासून रांगेत. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अभ्यास आहे, त्यात ऑरगॅनिक कॉटनची पिशवी सगळे निकष धरले तर २०,००० वेळा वापरावी लागते तेव्हा प्लास्टिकच्या पातळ पिशवीची बरोबरी होते. हा आकडा व्हॉट्सअॅपवर खूप फिरतो आणि अर्धवट फिरतो, कारण फक्त हवामानबदलाचा निकष घेतला तर तोच १४९ वर येतो. आणि नाल्यात अडकणाऱ्या प्लास्टिकचा हिशोब त्यात नाही. घरात जुन्या साडीच्या, धान्याच्या पिशव्या पडल्यात ना? झालं मग.

प्रायव्हेट जेट सस्टेनेबल फ्युएलवर उडतं म्हणे?

ते इंधन, एसएएफ म्हणतात त्याला, वापरलेलं खाद्यतेल, चरबी वगैरेपासून बनतं आणि २०२४ मध्ये जगाच्या एकूण विमान इंधनात त्याचा वाटा ०.३ टक्के होता. एवढंसं आहे ते. जेटवाल्याने घेतलं तर दोनशे माणसं नेणाऱ्या साध्या विमानाला तेवढं कमी मिळतं, एकूण धूर तेवढाच. प्रायव्हेट जेट माणशी साध्या विमानाच्या ५ ते १४ पट प्रदूषण करतं असा युरोपातल्या ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेचा २०२१ चा हिशोब आहे. २०१९ ते २०२३ मध्ये खासगी विमानांचं उत्सर्जन ४६ टक्क्यांनी वाढलं, आणि जवळपास निम्मी उड्डाणं ५०० किलोमीटरच्या आतली. म्हणजे मुंबई-गोवा! फ्रान्सने २०२५ पासून अशा प्रवाशांवर माणशी २१०० युरोपर्यंत कर लावलाय, मला तरी इंधन बदलण्यापेक्षा हे जास्त कामाचं वाटतं.

आणि शिडाची यॉट?

अ‍ॅमेझॉनवाल्या जेफ बेझोसची कोरू १२७ मीटरची आहे, तीन डोलकाठ्या, वाऱ्यावर चालू शकते. तिच्या मागे मागे ७५ मीटरची दुसरी मोटरबोट असते, हेलिकॉप्टर आणि बाकीचं सामान न्यायला. जोडीला.

अलिबाग, मुळशी, गोव्याचे 'इको-लक्झरी' व्हिला?

जांभा दगड, पावसाचं पाणी साठवणं, सोलर, मातीचा गिलावा, ब्रोशर बघून मलाही मोह होतो खोटं कशाला बोला. पण हे बहुतेक सेकंड होम असतं. पहिला फ्लॅट काही विकलेला नसतो. वर्षातले मोजके दिवस माणसं, बाकी दिवस माळी आणि कुत्रा, फ्रिज चालू, पूलचा पंप चालू. सिमेंट आणि स्टील बनवताना जो कार्बन जायचा तो पहिल्याच दिवशी गेलेला असतो, मग छतावर कितीही पॅनेल टाका. गोव्यातल्या आसगावात किंवा मुळशीच्या उतारावर डोंगर कापून रस्ता नेला, झाडं गेली, पावसाळ्यात माती खाली आली, आणि गेटवर पाटी 'निसर्गाच्या कुशीत'. गावच्या विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये कुठे जातं ते गावातल्या बायकांना विचारा. जुनं कौलारू घर घेऊन तेच नीट करून राहणारे थोडे लोक आहेत, त्यांचं मला पटतं.

'कार्बन न्यूट्रल', 'अर्थ-फ्रेंडली' असं लिहिलेलं खरं कसं ओळखायचं?

युरोपियन कमिशनने २०२० मध्ये असले दावे तपासले तेव्हा ५३ टक्के मोघम, दिशाभूल करणारे किंवा निराधार निघाले. आपल्याकडे सीसीपीएने, म्हणजे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरोधात (खोट्या हिरव्या दाव्यांविरोधात) गाइडलाइन्स काढल्यात, 'क्लीन', 'ग्रीन', 'इको' असे शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. कागदावर आहे, तक्रार केली तर उपयोग.

माझी पद्धत सोपी आहे, ब्रँड काय बनवतो ते नंतर बघायचं, न विकलेल्या मालाचं काय करतो ते आधी. बर्बेरी या ब्रिटिश लक्झरी ब्रँडने २०१७-१८ च्या एका आर्थिक वर्षात २.८६ कोटी पौंडांचा माल नष्ट केला होता, भाव पडू नये म्हणून. ओरड झाल्यावर २०१८ मध्ये थांबवलं, आणि फ्रान्सने तर २०२२ पासून न विकलेले कपडे वगैरे नष्ट करायलाच कायद्याने बंदी आणली.

लोक नुसतं दाखवायला घेतात का?

बरेचसे हो, पण त्यात फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. अमेरिकेत २०१० साली छापून आलेल्या एका संशोधनात दिसलं की प्रतिष्ठेचा विचार डोक्यात असलेली माणसं चारचौघांत खरेदी करताना ग्रीन वस्तू निवडतात, घरी एकट्याने ऑनलाइन घेताना नाही, आणि ग्रीन वस्तू महाग असेल तर जास्त निवडतात. मिरवणं राहणारच आहे माणसात. लग्नात कमी ताटं वाया गेली, एकच गाडी ठेवली, ट्रेनने गेलो हे मिरवायची फॅशन आली तर मी टाळ्या वाजवीन.

म्हणजे श्रीमंताने पेट्रोलचीच गाडी घ्यावी असं म्हणताय का?

नाही हो. घ्यायचीच असेल तर ईव्ही घ्या, लहान घ्या, जुनी विका, आणि ही दहा वर्षं वापरा. त्याला 'पर्यावरणासाठी केलं' म्हणू नका, एवढीच विनंती. खरंच काही करायचं असेल तर उड्डाणं कमी करणं आणि पैसा कुठल्या कंपन्यांत गुंतवलाय ते तपासणं, या दोन गोष्टींपुढे गाडी किरकोळ आहे.

आपण मध्यमवर्गीय यात येत नाही ना?

न्यू जर्सीतला तुमचा आयटीवाला मावसभाऊ जगातल्या वरच्या दहा टक्क्यांत आरामात बसतो. कोथरूडमध्ये दोन पगार, दोन गाड्या आणि वर्षाला एक फॉरेन ट्रिप असेल तर तुम्हीही फार लांब नाही.

साखरपुडा आहे, अंगठी तर घ्यावीच लागणार. लॅबची घेऊ की खाणीतली?

घरात आईची, आत्याची जुनी अंगठी किंवा एखादा पडून असलेला खडा आहे का बघा, तो नवीन घडणीत बसवून घ्या. नवीन खाण नाही, नवीन चेंबर नाही. सराफ थोडा कुरकुरेल कारण त्याला फक्त मजुरी मिळते. मजुरी आधी ठरवा, खडा समोर वजन करून पावतीवर लिहून घ्या, आणि सोनं आटवणार असाल तर घट किती धरणार तेही त्याच पावतीवर.